बिनपाण्याचा साल्विया

आमच्या ह्यांना कोणतीही गोष्ट कोरडी बघवत नाही. माणूस दिसला की पाणी, कावळा दिसला की पाणी, कुत्रं दिसलं की पाणी! मतं मागायला कोणत्याही पक्षाचे लोक दारात आले तरी हे त्यांना तांब्याभर पाजतात आणि वर "अजून घ्या" म्हणतात. त्यामुळे सगळ्याच पक्षांना वाटतं, मगनदादा आपलेच. कुरियरवाला तर आमचं पार्सल नसलं तरी येऊन जातो. वरच्या मजल्यावरच्या बायका म्हणतात, "शोभाबाई, तुमचे मालक म्हणजे देवमाणूस!" त्यांना लांबून देवमाणूस दिसतो. मला जवळून फरशीवर सांडलेलं पाणी दिसतं.

मी शिकले तिसरी. चौथीत बसवलं होतं, पण म्हशींनी उठवलं. तरी सांगते, मी हातात घेतलेलं काम फसलं, असं आजवर झालेलं नाही. ह्या गोष्टीतलं काम फसलं हे खरं. पण त्यात फसवणारा हात माझा नव्हता, एवढं ध्यानात ठेवून पुढे वाचा.

आमची सोसायटी सुरतेत, डिंडोलीच्या अंगाला. निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं आमच्या खान्देशातली. कोणी शिरपूरचं, कोणी पारोळ्याचं, कोणी लूम चालवतं, कोणी मार्केटात गाठोडी उचलतं. गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला भिंतीलगत मातीची एक पट्टी आहे. एक टेम्पो आरामात झोपेल एवढी. तिच्या कडेला सिमेंटचं बाकडं. पूर्वी बाकड्यावर कडुलिंबाची सावली होती. मागच्या वर्षी गजेंद्रने लिंब कापून टाकला. का, तर पक्षी त्याच्या टेम्पोवर घाण करतात!

गजेंद्र म्हणजे आमचा चेअरमन. साडीच्या लेसचा धंदा, दोन टेम्पो, आणि गळ्यात चेन अशी जाड की तिने म्हैस बांधावी. माणूस तसा वाईट नाही. त्याची आई, इंदुबाई, माझ्या शेजारी बाकड्यावर बसते, म्हणून मी एवढंच बोलते.

ऊन उतरलं की आम्ही बायका त्या बाकड्याभोवती बसून साड्यांना स्टोन चिकटवतो. घरात पंखा लावला तर स्टोन उडतात, पंखा बंद केला तर आपण उडतो. जिन्यात बसावं तर येणारा-जाणारा लाथ मारून जातो. शिवाय कुणाची सून कुणाशी बोलत नाही, कुणाकडे पाहुणे कशासाठी येऊन गेले, ह्याचा सगळा निवाडा त्या बाकड्यावर होतो. बाकडं म्हणजे आमचं कोर्ट. जज्ज कोण, हे मी माझ्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही.

तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये गजेंद्र उभा राहिला आणि म्हणाला, "त्या पट्टीत नुसती धूळ उडते. बाकडं काढून ब्लॉक बसवून टाकू. पार्किंग होईल."

मी विचारलं, "कुणाची?"

"सगळ्यांची, मावशी."

"सगळ्यांकडे टेम्पो आहे का?"

लोक हसले. गजेंद्र हसला नाही.

"मावशी, तिथं झाडं लावायची म्हटली तर पाणी लागतं. बोअरचं पाणी खारं. नळ येतो अर्धा तास. उन्हाळ्यात आपण टँकर बोलावतो. टाकीतलं पाणी झाडांना घातलं तर माणसांनी काय प्यायचं?"

बोलणं बरोबर होतं. पण गजेंद्रने बरोबर बोलावं, हे मला पटत नाही. मी उठून उभी राहिले.

"टाकीतला एक थेंब घेणार नाही! ह्या पट्टीत अखाजीच्या सणाला फुलं उभी करून दाखवते. नाही दाखवली तर तू तुझे ब्लॉक बसव, नारळ मी माझ्या हाताने फोडीन!"

"ठरलं. अखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला येतो."

टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठी टाळी ह्यांची होती. मग हे मागे गेले आणि सगळ्या मीटिंगला पाणी पाजून आले.

घरी आल्यावर सून म्हणाली, "आई, पाण्याशिवाय काय उगवतं?"

ही नूतन. पोरगी गुणाची, पण माझ्याशी मराठीत, नवऱ्याशी हिंदीत आणि मोबाइलशी गुजरातीत बोलते. मी म्हटलं, "ते तुझ्या मोबाइलला विचार. मी फक्त शब्द दिलाय. बाकीचं तुम्ही बघा."

मोबाइलने सांगितलं, साल्विया. कोरड्या मुलखातलं झाड. कडक ऊन, भुसभुशीत रेताड जमीन आणि पाणी जवळजवळ नाहीच. नूतनने मला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही कामरेजच्या रस्त्याला एका नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्याने निळ्या तुऱ्यांची रोपं दाखवली. जोंधळ्याच्या कणसासारखा तुरा, पण निळा. पान चुरगळलं की औषधासारखा वास.

तो म्हणाला, "मासी, आने पाणी बहु नई आपवानुं! मूळ धरेपर्यंत थोडं थोडं द्या. एकदा रुजलं की मग त्याच्याकडे बघायचंच नाही. मुळाशी पाणी तुंबलं की मेलं. लाड केले की सडलं!"

मी म्हटलं, "बाबा, हे मला नको शिकवू. सून आणली तेव्हापासून मी हेच करतेय."

नूतन मागेच उभी होती. तिने हेल्मेट घातलं आणि काच खाली ओढली.

संक्रांत झाल्यावर आम्ही कामाला लागलो. पट्टी खणली, माती निम्मी काढून टाकली, फुटक्या टाइल्स, विटांचे तुकडे, रेती असं सगळं भरलं. खणण्याचं काम ह्यांनी केलं. जन्मभर कडोदऱ्याला लूमवर काढलेला माणूस, हाताला कामाची सवय आहे, फक्त पाण्याची जास्त आहे. टँकरवाला पाइप लावताना निम्मं पाणी जमिनीला पाजतो. ते वाहत येऊन रोपांत तुंबू नये म्हणून मी पट्टीला चारी बाजूंनी विटांचा कठडा बांधून घेतला. वर सिमेंट लावलं. एक चीर ठेवली नाही! ह्या कठड्याकडे जरा लक्ष असू द्या.

रोपं लावून झाली. एक रोप मधोमध मोडलेलं निघालं. फेकवेना म्हणून मी ते मीटररूमच्या मागे, खणताना निघालेल्या मलब्याच्या ढिगात खुपसलं आणि विसरून गेले.

सुरुवातीला भाजी धुतलेलं पाणी घातलं, आमच्या वाटणीचं. रोपांनी मूळ धरलं. मग मी नर्सरीवाल्याचं ऐकलं आणि तोंड फिरवलं. आणि काय सांगू! होळी पेटेपर्यंत पट्टी निळी झाली. वर ऊन असं की डांबर उकळावं, आणि खाली हे तुरे, जणू लग्नाला निघालेत! मधमाश्या आल्या. बाजूच्या सोसायटीतल्या पोरी फोटो काढायला आल्या. मी बाकड्यावर बसून सगळ्यांना सांगायची, "कोरडं ठेवते, म्हणून फुलतं."

गजेंद्र टेम्पो गेटाबाहेर लावून आत यायचा, मान दुसरीकडे करून. ती मान बघायला मी रोज तिथे बसायची.

चैत्र लागला आणि झाडांनी माना टाकल्या.

आज एक ओळ, उद्या दुसरी. पानं पिवळी, तुरे खाली. इंदुबाई म्हणाली, "शोभा, त्यास्ले पानी पाज व माय. मुकी झाडं ती. पाप लागेल."

"पाणी नको असतं त्यांना, इंदुबाई."

"असं कसं? पानी कोणले नको राहतं?"

मी उठले आणि बोट खुपसून माती बघितली. ओली! नुसती ओली नाही, मऊ! टाकीला तर मी कुलूप लावायला सांगितलं होतं. मग पाणी आलं कुठून?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप कानावर आलं. आता ह्यांची एक अडचण आहे. जन्म लूमच्या खडखडाटात गेला, त्यामुळे ह्यांना हळू बोलता येत नाही. हे कुजबुजले की तिसऱ्या मजल्यावर चहा हिंदकळतो. मी गॅलरीत दात घासत होते आणि खालून ह्यांचं गुपित वर आलं:

"पी रे भाऊ, पी! ती खाली यायच्या आत पी!"

समोरच्या गॅलरीतल्या बायका, गेटवरचा वॉचमन भिकन, दूधवाला, सगळे ऐकत होते. फक्त ज्यांना सांगत होते ती झाडं ऐकत नव्हती. मी तशीच तोंडात फेस घेऊन खाली गेले.

"अहो! काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

ह्यांनी तांब्या पाठीमागे नेला. "चूळ भरतोय."

"एवढ्या ओळींवर? तोंड आहे की टँकर?"

"माना टाकल्या होत्या गं त्यांनी. मी आपलं माझ्या अंघोळीतलं थोडं वाचवून घालत होतो. तर अजून माना टाकल्या. म्हणून मग अजून घातलं."

"पाणी जास्त झालं म्हणून माना टाकल्या त्यांनी!"

"मग तसं सांगायचं ना त्यांनी."

भिकन तोंडावर टोपी धरून हसत होता. मी ह्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. "शपथ घ्या. अखाजी होईपर्यंत तुम्ही ह्या झाडांना एक थेंब घालायचा नाही."

"मी एक थेंब घालणार नाही. बस्स?"

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

हे शपथ मोडत नाहीत. त्या बाबतीत माणूस चोख आहे. पुढे जे झालं तेही शपथ न मोडताच झालं, हे आधीच सांगून ठेवते.

माती वाळली, तशी झाडं सावरली. नवे तुरे आले. नर्सरीवाला खरा ठरला, मी खरी ठरले, आणि अखाजी आली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, अखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया. खान्देशातली माणसं दिवाळीला एक वेळ घरी जाणार नाहीत, पण अखाजी चुकवणार नाहीत. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस. आणि त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरायची. घागरीवर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे आपलं खरबूज. पूजा करायची, पितरांना जेवू घालायचं, पाणी पाजायचं. उन्हाळ्याचे दिवस, वरच्यांनाही तहान लागत असेल.

आता घागरीतलं ते पाणी दुसऱ्या दिवशी फेकून द्यायचं नसतं. मोरीत तर नाहीच नाही! झाडाच्या मुळाशी घालायचं. आमच्या सोसायटीत इतकी वर्षं ते कडुलिंबाला जायचं.

आणि लिंब कापल्यानंतरची ही पहिली अखाजी होती. हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. पितरांच्या असेल तर माहीत नाही.

अखाजीच्या दिवशी संध्याकाळी मी खाली जाऊन झाडं बघून आले. एकसुद्धा मान खाली नव्हती. मी रात्री रसाच्या दोन वाट्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठेवणीतली साडी काढली. गजेंद्रला हरवायचं म्हणजे नेसून-सवरून हरवायला पाहिजे! निऱ्या काढत होते, तर खालून ह्यांचा आवाज:

"या वहिनी, या! ह्या ओळीला अजून कोणी घातलं नाही. सावकाश! भिकन, ताईंची घागर धर!"

निऱ्या माझ्या हातातच राहिल्या. मी तशाच खोचल्या आणि जिना उतरले.

खाली रांग लागली होती. रेशनलाही लागत नाही अशी! प्रत्येकीच्या कमरेवर घागर. आणि आमचे हे पट्टीच्या डोक्याशी उभे राहून चौकातल्या पोलिसासारखे हात करत होते. डावीकडून या, उजवीकडून जा.

"अहो!"

ह्यांनी मला बघितलं आणि पहिलंच वाक्य काय बोलावं? "मी एक थेंब घातला नाही हं!"

"मग हे काय चाललंय?"

"सगळे विचारायला लागले, लिंब तर नाही, पितरांचं पाणी घालायचं कुठे? म्हटलं, आमची झाडं आहेत ना. घाला. नाही कसं म्हणायचं गं? पितरांचं पाणी!"

"आणि आपली घागर?"

"तिनेच सुरुवात केली. नूतनने घातली. मी हातसुद्धा लावला नाही. आईची शपथ होती ना."

नूतन रिकामी घागर घेऊन आभाळाकडे बघत होती. म्हणजे उद्घाटन माझ्या सासूच्या पाण्याने झालं! जिवंत होती तोवर बाईने मला दारात तुळस लावू दिली नाही, ती तिच्याच हाताने लावायची म्हणे. आता मेल्यावरही माझं एक रोप वाढू देईना.

मी पुढे होऊन रांगेच्या तोंडाशी उभी राहिले. "थांबा! सगळे थांबा! ह्या झाडांना पाणी चालत नाही! मरतील ती!"

समोर चिंधाकाका होते. तळमजल्यावर एकटे राहतात, काकू गेल्याला वर्ष झालेलं नाही. पहिलीच घागर. दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, बाळ धरावं तशी. म्हणाले, "शोभाबाई, ती शेवटी पाणीच मागत होती. डॉक्टरांनी देऊ दिलं नाही."

आता बोला! मी बाजूला झाले.

एकदा चिंधाकाकांना सोडलं, मग बाकीच्यांना कसं अडवणार? तुमचे सासरे नकोत, पण काकू चालतील, असं थोडंच म्हणता येतं! इंदुबाई आली, गजेंद्रच्या बापाची घागर घेऊन. मला कोपराने सारून म्हणाली, "सरक व शोभा. धनी माझा पहिल्यापासून तापट, त्याला थांबवलेलं चालत नाही." आणि अख्खी घागर उलटी केली.

घागरी येत होत्या, पाणी पडत होतं. आणि माझा कठडा! बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून बांधलेला, एक चीर नसलेला! आतलं पाणी बाहेर जाईल कुठून? बघता बघता तळं झालं. रेती वाहून मुळं उघडी पडली आणि माझा साल्विया रंगाच्या हौदातून काढून फेकलेल्या साड्यांसारखा आडवा झाला. निळे तुरे चिखलावर तरंगायला लागले. एका तुऱ्यावर मधमाशी बसली होती. तीही नावेतून निघाल्यासारखी हळूहळू गेली.

"झाडं तृप्त झाली बघ," हे म्हणाले.

तेवढ्यात गेटात हॉर्न वाजला. गजेंद्र! पांढरा शर्ट, केसांना तेल. आणि मागून टेम्पो, ब्लॉकने भरलेला. बघा म्हणजे! झाडं बघायला येताना ब्लॉक घेऊन आला. रोगी बघायला जाताना तिरडी घेऊन जावं तसा!

त्याने पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मावशी, फुलं कुठायत?"

"पोहायला गेलीत."

"म्हणजे हरलात."

शब्द म्हणजे शब्द. आम्ही दिलेला शब्द परत घेत नाही, घरात खायला नसलं तरी. मी नारळ आणायला वर गेले. जिन्यात माझ्यामागे नूतन आली, म्हणाली, "आई, राहू द्या ना, मी आणते." मी म्हटलं, "माझ्या तोंडाने कबूल केलं, माझ्याच पायांनी आणीन." नारळ देवापुढचाच घेतला. गॅलरीतून एकदा बाकड्याकडे बघितलं. उद्यापासून जिन्यात बसायचं, लाथा खात.

आणि खालून धाडकन आवाज आला!

गजेंद्रला दम कुठला? मी नारळ आणेपर्यंत त्याने टेम्पो मागे घ्यायला लावला होता. ड्रायव्हरने मागचं चाक कठड्यावर चढवलं, कठडा फुटला, चाक आत उतरलं आणि उतरतच गेलं. खाली सगळी रेती आणि फुटक्या टाइल्स, वर सोसायटीभरच्या पितरांचं पाणी! ड्रायव्हरने गाडी काढायला जोर लावला तसं चाक जागच्या जागी फिरलं आणि चिखलाचा फवारा उडाला. गजेंद्र बरोबर मागे उभा राहून "आने दे, आने दे" करत होता. आला तो चिखल. पांढरा शर्ट, तेल लावलेले केस, चेन, सगळं एका रंगाचं झालं. डाइंग मिलला एवढा पक्का रंग बसत नाही!

मी खाली पोचले तेव्हा कोणी हसत नव्हतं, कारण इंदुबाई बोलत होती.

"गजा! कोणावर चाक घातलं रे?"

गजेंद्र डोळे पुसत म्हणाला, "चिखलावर, आई."

"चिखल? तुझा बाप आत्ता पाणी पिऊन गेला तिथे! बापाच्या पाण्यावर चाक घालतोस?"

"आई, मला काय माहीत—"

"लिंब तूच तोडला ना? तोडला नसता तर इथे कशाला यावं लागलं असतं त्यांना?"

चिंधाकाका जाऊन चाकासमोर उभे राहिले, रिकामी घागर छातीशी धरून. मग गॅलऱ्या बोलायला लागल्या. "आमच्या सासूबाई आहेत तिथे!" "आमचे जेठ!" "माझा भाऊ!" गजेंद्र चारी बाजूंना बघत होता. जिवंत माणसांशी कसं भांडायचं ते त्याला येतं. पण त्या सकाळी जिवंत थोडे आणि गेलेले जास्त होते.

"बरं, बरं," तो म्हणाला. "पाणी जिरू दे. उद्या बघू."

"उद्या काय? उद्या तुझा बाप परका होणार का?" इंदुबाई बाकड्यावर बसली आणि तिने निकाल दिला. "इथे ब्लॉक बसायचे नाहीत. बाकडं राहील. पावसाळ्यात लिंब लागेल, आणि खड्डा गजा खणेल."

सगळे "हो, हो" म्हणाले. निकाल मला मान्य होता. फक्त तो माझ्या जागेवर बसून दिला गेला, एवढं माझ्या ध्यानात आहे.

पुरुषमंडळींनी मिळून टेम्पो ओढून काढला. ब्लॉक आले तसे परत गेले. गजेंद्र अंघोळीला गेला. नळ गेलेला होता. ह्यांनी त्याला आमच्या घरातली बादली नेऊन दिली!

माझ्या हातातला नारळ तसाच राहिला होता. भिकनने तो घेतला आणि टेम्पो निघाल्याच्या आनंदात फोडला. आणि नारळातलं पाणी, ओळखा कोणी वाटलं? तळहातावर थेंब थेंब, रांगेतल्या प्रत्येकाला!

तेव्हापासून सोसायटीत एकच गोष्ट चालते. "मगनदादांचं काय डोकं! गजेंद्रला असा अडकवला!" "लोकांकडून पाणी घालून घेतलं, म्हणजे जागेला हातच लावता येऊ नये!" "शोभाबाई नुसत्या बोलतात, पण खरी बुद्धी मालकांची." आणि हे? हे खाली बघून म्हणतात, "आपण कोण? निमित्त." चहा प्यायला बोलावतात लोक ह्यांना. मी संक्रांतीपासून उन्हात उभी राहिले, मलबा वाहिला, कठडा बांधला, त्याचं कोणी नाव घेत नाही. कठड्याचं तर नकोच घ्यायला.

झाडं सगळी गेली. नूतनने उपटून एका कोपऱ्यात ठेवली आणि मला कळू न देता दोन वेळा नाक पुसलं. मी कळू दिलं नाही की मला कळलं.

पुढे जेठ महिन्यातली गोष्ट. ऊन अजून उतरलेलं नव्हतं. मीटररूमच्या मागे मी झाडू शोधायला गेले, तर मलब्याच्या ढिगावर निळं काहीतरी! जवळ जाऊन बघते तर तेच मोडकं रोप. मी खुपसून विसरून गेलेलं. ना कोणी माती दिली, ना पाणी, ना कोणी फोटो काढला. आणि हातभर वाढून तुऱ्यांनी भरलेलं! अख्ख्या पट्टीत एकाला नव्हते एवढे तुरे त्या एकट्याला. मी वाकून तुरे मोजले. बोलले काही नाही. झाडाशी बोलायची सवय आमच्या घरात एकालाच आहे, तेवढी पुरे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांना दाखवायचं ठरवून मी सकाळीच खाली उतरले. मीटररूमच्या मागून आवाज आला. सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असा, म्हणजे ह्यांच्या हिशेबाने हळू.

"अरे, तू इथे एकटाच? कोणी पाणी दिलं नाही रे तुला?"

मी धावले. ह्या वयात, ठेवणीतली नसली तरी धुतलेल्या साडीत! हे ढिगावर एक पाय देऊन वाकले होते. हातात भरलेला तांब्या, तोंडावर सोसायटीभर गाजलेलं ते देवमाणसाचं हसू. अखाजी होऊन गेली होती, शपथही संपली होती.

मी मनगट धरलं आणि तांब्या सरळ केला. गेटवरून भिकन, गॅलरीतून इंदुबाई, सगळे वाकून बघत होते. बघू देत. मी आवाज चढवून म्हटलं,

"अहो मगनदादा, तो तांब्या खाली ठेवा! जागा तुमच्यामुळे वाचली असेल. पण हे झाड वाचलं ना, ते तुमच्या नजरेला पडलं नव्हतं म्हणून वाचलं!"